गाण्यांची पेटी आणि कवीचे नाव

१

एमपी३ फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची सोय १९९६ साली निघाली. गाण्याची ओळख गाण्याबरोबरच राहावी, एवढाच तिचा हेतू होता. पहिले तीन बाइट 'ही चिठ्ठी आहे' असे यंत्राला कळविण्यात जात. उरलेल्यांची वाटणी शीर्षकाला तीस, कलावंताला तीस, अल्बमला तीस, सालाला चार, शेऱ्याला तीस आणि गीतप्रकाराला एक अशी केलेली होती. ह्या वाटणीत कवीच्या वाट्याला काहीच आले नव्हते. शिवाय सगळी रचना रोमन अक्षरे गृहीत धरून झालेली होती. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तेव्हा काना, मात्रा आणि हलन्त वेगवेगळे मोजून 'ज्ञानेश्वर' एवढे एकच नाव लिहिले, तर तीसच्या तीस बाइट संपतात. गीतप्रकारासाठी राखलेल्या एका बाइटाला जोडून ऐंशी प्रकारांची क्रमवार यादी ठरविण्यात आली होती. तीत पोल्काला जागा आहे. लावणी, अभंग, कव्वाली, बाउल, भावगीत ह्यांपैकी एकालाही नाही. भारतातल्या गाण्यांची बरीच मोठी संख्या ४८ क्रमांकाच्या 'एथ्निक' ह्या खणात लोटण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही अडचण तांत्रिक होती आणि ती फार काळ टिकली नाही. १९९८ साली चिठ्ठीची जी दुसरी रचना आली तिच्यात गीतकार, संगीतकार आणि भाषा ह्यांना स्वतंत्र जागा मिळाली. मजकुराच्या लांबीचे बंधन व्यवहारात उरले नाही, आणि युनिकोडमुळे कोणत्याही भारतीय लिपीत नोंद करणे शक्य झाले. म्हणजे गेली पंचवीसहून अधिक वर्षे कवीचे नाव फाइलवर लिहिण्याची सोय उपलब्ध आहे. तरीही व्यवहारात नोंदी होतात त्या जुन्याच चिठ्ठीबरहुकूम. शीर्षक, कलावंत, अल्बम, प्रकार आणि साल ह्या पंचकाच्या पलीकडे क्वचितच कोणी जातो. एखादे वर्गीकरण ज्या कारणाने जन्मास आले ते कारण नाहीसे झाल्यावरही ते सवयीच्या बळावर चालू राहते, ह्याचे इतके उघड उदाहरण ग्रंथालयांच्या इतिहासातही सहसा सापडणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने ह्या गोष्टीची दखल घ्यावी असे म्हणण्याचे कारण साधे आहे. भारतीय भाषांतील गेय कवितेचा फार मोठा भाग आज ह्याच फाइलींत वस्तीला आहे. आणि त्या फाइली ज्यांनी हजारोंच्या संख्येने जमविल्या, लावून ठेवल्या आणि रोजच्या वापरात ठेवल्या, ते विद्यापीठांतले लोक नव्हेत. ते डीजे आहेत.

२

महाराष्ट्रात 'डीजे' ह्या शब्दाचा अर्थच पालटला आहे. मूळचा व्यक्तिवाचक शब्द आता मिरवणुकीपुढील कर्ण्यांच्या भिंतीला लावला जातो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचे उल्लंघन, न्यायालयांचे आदेश, वृद्धांचे आणि आजाऱ्यांचे हाल ह्याच संदर्भात तो वृत्तपत्रांतून येतो. ही तक्रार रास्त आहे. परंतु तिच्यामुळे त्या भिंतीमागे संगणकापुढे बसलेल्या माणसाकडे आणि त्याच्या कामाकडे सुशिक्षितांची पाठ वळली, हेही तितकेच खरे आहे.

सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे किंवा विनामूल्य मिळणारे 'मिक्स' ह्यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर उघडले, तर पडद्याच्या वरच्या भागात दोन तबकड्या आणि खालच्या भागात गाण्यांची यादी दिसते. ह्या यादीला त्यांपैकी काही प्रणालींमध्ये 'लायब्ररी' असेच म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. एक गाणे चालू असताना तीन-चार मिनिटांच्या आत पुढचे निवडायचे, त्याची लय आधीच्या लयीशी जुळवायची आणि सांधा कळू न देता एकातून दुसऱ्यात जायचे, हे ज्याचे काम आहे त्याला वस्तू हाताशी सापडणे ही चैन नसते. त्याचे सगळे कौशल्य मांडणीवर अवलंबून असते.

मांडणीची दोन मुख्य साधने आहेत : क्रेट आणि प्लेलिस्ट. ग्रामोफोनच्या तबकड्या खोक्यांतून वाहून नेल्या जात, त्या खोक्याचे नाव क्रेटला मिळाले आहे. 'मिक्स' ह्या प्रणालीत दोहोंतला भेद नेमका आखलेला आहे. क्रेटमध्ये क्रम नसतो आणि एक गाणे एकदाच असते. प्लेलिस्टमध्ये क्रम असतो आणि तेच गाणे पुन्हा येऊ शकते. मराठीत बोलायचे तर एक संग्रह आणि दुसरी मालिका. महत्त्वाचे असे, की एकच गाणे कितीही क्रेटमध्ये ठेवता येते, कारण तेथे गाणे ठेवलेले नसते. त्याचा पत्ता ठेवलेला असतो. पुस्तक फळीवर एकाच जागी उभे राहू शकते, त्याचे विषय मात्र अनेक असतात, ही ग्रंथपालांची सनातन अडचण आहे. शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात एका ग्रंथाकडे अनेक पैलूंनी पाहण्याची शिस्त घालून दिली. हळदीच्या क्रेटमध्ये, कोळीगीतांच्या क्रेटमध्ये आणि जलद लयीच्या क्रेटमध्ये एकच गाणे ठेवणारा डीजे रंगनाथनांचे नाव न ऐकताही त्यांच्याच वाटेने चाललेला असतो.

ह्याखेरीज यंत्र स्वतःहून दोन नोंदी करते. दर मिनिटाला ठोके किती, ही लयीची नोंद. आणि गाण्याचा स्वर कोणता, ही दुसरी. दोन्ही नोंदी उपयुक्त आहेत आणि दोन्हींच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. लय मोजताना यंत्र बहुधा चार-चारांचे गट धरते. त्यामुळे सात मात्रांच्या रूपकात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात त्याने मारलेली समेची खूण आवर्तनागणिक सरकत जाते. सत्तरची लय एकशे चाळीस म्हणून नोंदली जाणे ही तर नित्याची बाब आहे. स्वराची नोंद पाश्चात्त्य संगीतातील बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीस खणांतच होते. पंचम वर्ज्य असलेला मारवा ऐकूनही यंत्र 'हे ठाऊक नाही' असे म्हणत नाही. चोविसांपैकी एक खण दाखवून मोकळे होते. वस्तुतः त्याला जे थोडेफार कळते त्याला आपल्या गायकांजवळ चांगला शब्द आहे : पट्टी. काळी दोन की पांढरी पाच, एवढे ते अंदाजाने सांगू शकते. राग सांगू शकत नाही. हा स्तंभ 'पट्टी' म्हणून वाचला तर कामाचा आहे, 'राग' म्हणून वाचला तर दिशाभूल करणारा आहे. विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसविले तेव्हाही काही राग कोणत्याच थाटात नीट बसेनात. पण तेथे निदान वाद घालता येत होता, कारण वर्गीकरण करणारा समोर होता आणि त्याने आपली कारणे मराठीत लिहून ठेवलेली होती. यंत्राने केलेले वर्गीकरण आपली कारणे सांगत नाही.

३

ह्या मांडणीकडे केवळ धंद्याची सोय म्हणून पाहणे चूक ठरेल. गीते कोणत्या तत्त्वाने लावावीत हा भारतीय साहित्यांतील जुना आणि गंभीर प्रश्न आहे, आणि त्याला निरनिराळ्या परंपरांनी निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत.

सर्वांत विचारपूर्वक उत्तर गुरू ग्रंथ साहिबाचे आहे. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. आजच्या ग्रंथाचा मुख्य भाग ३१ रागांत विभागलेला आहे. आधी राग, त्याच्या पोटात रचनाप्रकार, त्याच्या पोटात कर्ता. आणि गुरूंच्या रचनांनंतर त्याच रागातील भक्तांच्या रचना, असा हा क्रम आहे. नऊ वारांच्या शिरोभागी त्या कोणत्या प्रचलित वारेच्या धुनीवर गाव्यात हेही लिहिलेले आहे. नामदेवांची ६१ पदे ह्या ग्रंथात आहेत. पण ती एकत्र नाहीत, ज्या त्या रागात विखुरलेली आहेत. मराठी वाचक नामदेवांकडे गाथेतून जातो, म्हणजे कवीकडून गाण्याकडे येतो. ग्रंथ साहिबाचा रागी गाण्याकडून कवीकडे येतो. तेच नामदेव, पण मांडणी बदलली की वाचनाची दिशा बदलते.

रवींद्रनाथांचे उदाहरण ह्याच्या उलट बाजूने बोलके आहे. 'गीतबितान'ची पहिली आवृत्ती १९३१–३२ मध्ये निघाली. तिच्यातील क्रम त्यांना समाधानकारक वाटला नाही, आणि पुढील आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः गाणी पूजा, स्वदेश, प्रेम, प्रकृती अशा भावविषयांनुसार लावली. सुराची साथ नसतानाही वाचकाला ती गीतिकाव्य म्हणून वाचता यावीत, हा त्यामागील विचार होता. एका ठिकाणी गाणाऱ्यासाठी मांडणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी वाचणाऱ्यासाठी. परंतु मांडणी हा अर्थनिर्णयाचा भाग आहे, हे दोन्ही संपादकांनी सारखेच ओळखले होते.

मराठीत ह्या दोन्ही वाटा आहेत. गाथा ही वाचकाची आणि संपादकाची वाट. भजनी मालिका ही गाणाऱ्याची. काकडा, हरिपाठ, वारांचे अभंग, गौळणी, आरती असा तिचा क्रम दिवसाच्या आणि सेवेच्या क्रमाशी बांधलेला असतो, आणि एकाच प्रकरणात चार संतांचे अभंग खांद्याला खांदा लावून येतात. संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर 'चाल' नोंदविण्याची प्रथा होती, तीही ह्याच वाटेवरची. डीजेचे क्रेट ह्या दुसऱ्या वाटेचे वंशज आहे. त्यातील तत्त्व प्रयोगाचे आहे : हे गाणे केव्हा लावायचे, कोणत्या गाण्यानंतर लावायचे, कोणासमोर लावायचे. ज्यांनी मौखिक परंपरेतील साहित्याचा प्रयोगनिष्ठ अभ्यास व्हावा अशी मागणी वर्षानुवर्षे केली, त्यांच्यापुढे प्रयोगनिष्ठ वर्गीकरणाचे एक जिवंत उदाहरण आज उभे आहे. ते फक्त त्यांना अपेक्षित असलेल्या ठिकाणी नाही.

४

तथापि हे साम्य एका जागी तुटते, आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

ग्रंथ साहिबात किंवा भजनी मालिकेत गाणी प्रयोगाच्या क्रमाने लावली तरी कवी हरवत नाही, कारण त्याचे नाव रचनेच्या आतच असते. नाममुद्रा ही अलंकारापेक्षा अधिक काही आहे. जेथे छापील मुखपृष्ठ नाही, सूची नाही, तेथे कर्त्याची नोंद सुरक्षित ठेवण्याची ती युक्ती आहे. गाणे कोठेही जावो, कोणीही गावो, शेवटच्या चरणात कवी बरोबर असतो. शाहिरांनी ही युक्ती पुढे चालविली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ह्यांच्या कितीतरी गीतांच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' येतो तो ह्याच जाणिवेने.

डीजेच्या हाती गाणे आल्यावर सर्वांत आधी जातो तो हा शेवटचा चरण. मिश्रणाला मुखडा लागतो, धृपद लागते, ठेक्याच्या दोन-चार आवर्तनांची पुनरावृत्ती लागते. तिसरे किंवा चौथे कडवे सहसा लागत नाही. म्हणजे गाण्याच्या आतील सही कापली गेली आणि फाइलीवरील चिठ्ठीत कवीचे नाव कधी लिहिलेलेच नव्हते. त्याहून पुढची पायरी अशी, की मिश्रण तयार करणारा 'कलावंत' ह्या स्तंभात स्वतःचे नाव घालतो. फाइल पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर जाते, आणि दोन-तीन हस्तांतरांनंतर गायकाचेही नाव उरत नाही. उरते ते मुखड्याचे रोमनमधील तोडकेमोडके शीर्षक आणि मिश्रणकाराची मुद्रा.

ह्यात दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. क्रेट ज्या संस्कृतीतून आले तिच्यातच लपवाछपवीचा एक धागा आहे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ज्याच्या मेजवान्यांतून हिपहॉपचा उगम सांगितला जातो तो कूल हर्क, प्रतिस्पर्ध्यांना नाव कळू नये म्हणून तबकड्यांवरील लेबले पाण्यात भिजवून काढून टाकीत असे. तेथे लेबल जाणूनबुजून काढले जात होते. येथे ते मुळात चिकटविलेलेच नाही. परिणाम मात्र एकच.

मराठीच्या बाबतीत हा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. चित्रपटगीतांची आणि मान्यवर भावगीतांची माहिती अन्यत्र नोंदलेली आहे. तेथील तोटा भरून निघतो. ज्यांची नोंद दुसरीकडे कोठेच नाही अशी गीते म्हणजे कॅसेटच्या काळात लहान लहान कंपन्यांनी काढलेली भीमगीते, कोळीगीते, गोंधळ, लोकनाट्यातील गाणी. कॅसेटने ध्वनिमुद्रणाची मक्तेदारी कशी मोडली आणि प्रादेशिक गीतांचे केवढे पीक आले, हे उत्तर भारताच्या संदर्भात पीटर मॅन्युएल ह्यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) ह्या ग्रंथात दाखविले आहे. ते पीक ग्रंथालयांच्या कोठारात फारसे आले नाही. कॅसेटच्या फिती खराब झाल्या, वेष्टने हरवली. आणि ज्या गाण्यांच्या फाइली झाल्या त्या डीजेंच्या डिस्कवर राहिल्या. त्यामुळे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत जी गाणी हजारो लोकांना मुखोद्गत असतात, त्यांपैकी पुष्कळांच्या कवीचे नाव त्याच मिरवणुकीत कोणाला सांगता येत नाही. ज्या समाजाने अक्षराचा हक्क झगडून मिळविला, त्याच्या कवींची नावे अक्षरांच्या अभावी पुसली जावीत, हे केवळ नोंदीतील वैगुण्य म्हणून सोडून देता येण्यासारखे नाही.

कायद्याचा आधार ह्या बाबतीत अपुरा आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ ने आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा हक्क लेखकाला दिला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण मिळाले आहे. पण १९८४ साली घातलेले कलम ५२-अ पाहावे. ध्वनिमुद्रणावर काय छापले पाहिजे हे ते सांगते : निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे साल. कवीचे नाव छापलेच पाहिजे असे ते म्हणत नाही. १९९६ ची १२८ बाइटांची चिठ्ठी आणि १९८४ चे कलम, दोहोंनी एकमेकांना न ओळखता एकाच माणसाला वगळले.

५

कोणी म्हणेल, की गर्दीपुढे उभ्या असलेल्या डीजेकडून कवींची चौकशी करून नोंदी भरण्याची अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे. हा आक्षेप बरोबर आहे. कवीचे नाव भरल्याने त्याची पुढच्या गाण्याची निवड सोपी होत नाही, आणि ज्या श्रमाचा लाभ नाही तो श्रम कोणी सुखासुखी करीत नाही. म्हणूनच ही जबाबदारी अभ्यासकांवर येते. हस्तलिखितांच्या शोधात मठामठांतून हिंडणाऱ्या संशोधकांनी मठाधिपतीने सूची करून द्यावी म्हणून वाट पाहिली नव्हती.

करावयाचे काम अवघड नाही. पहिली गोष्ट, ज्ञान फाइलीत लिहिले पाहिजे. क्रेट आणि प्लेलिस्ट ह्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कोशात असतात; डिस्क बदलली किंवा फोल्डर हलविले की पत्ते चुकतात, आणि वर्षानुवर्षांची मांडणी एका दिवसात निरुपयोगी होते. चिठ्ठीत लिहिलेले मात्र फाइलीबरोबर जाते. दुसरी गोष्ट, गीतकाराची जागा चिठ्ठीत आहे, पण ती पडद्यावर दिसेलच असे नाही. 'मिक्स'च्या स्तंभांत कलावंत, अल्बम, संगीतकार, प्रकार, साल, समूह, शेरा हे आहेत, गीतकार नाही. तेव्हा नाव गीतकाराच्या जागी तर लिहावेच, आणि शिवाय शेऱ्याच्या स्तंभात 'कवी' असे आरंभी घालून पुन्हा लिहावे. शेऱ्याचा हा स्तंभ म्हणजे पोथीचा समासच होय. डीजे आपल्या खाणाखुणा तेथेच करून ठेवतात. अभ्यासकानेही तेथेच लिहावे. तिसरी गोष्ट, प्रकाराच्या स्तंभात आता ऐंशींपैकी एक क्रमांक निवडण्याचे बंधन नाही. तेथे बैठकीची लावणी, फडाची लावणी, गौळण, पोवाडा, भीमगीत असे आपल्या भाषेतील शब्द आपल्या लिपीत लिहावेत. 'फोक' किंवा 'एथ्निक' हा शब्द दिसेल तेथे कोणीतरी विचार करण्याचे टाळले आहे, असे समजावे.

चौथी गोष्ट साहित्येतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरेल. 'मिक्स'सारख्या प्रणाली प्रत्येक बैठकीत वाजविलेल्या गाण्यांचा क्रम आपोआप इतिहास म्हणून जतन करतात. कोणत्या तारखेला कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे लागले, हे तेथे ओळीने सापडते. काव्याच्या स्वीकाराचा अभ्यास करणाऱ्यांना वाचक काय वाचतात हे कळण्यासाठी आजवर विक्रीचे आकडे आणि ग्रंथालयांची देवघेव ह्यांवर भिस्त ठेवावी लागली. गेय कवितेच्या बाबतीत त्याहून प्रत्यक्ष पुरावा ह्या नोंदींत पडून आहे. गाण्यांच्या प्रती मागण्याची गरज नाही, तेथे हक्कांचा प्रश्न येतो. नुसत्या याद्या मागाव्यात. भारतीय भाषांच्या विभागांतील विद्यार्थ्यांनी पंजाबात, बंगालात, तमिळनाडूत आणि महाराष्ट्रात आपापल्या गावच्या डीजेजवळ चार दिवस बसून अशा याद्या उतरून घेतल्या, त्यांतील गाण्यांचे कवी शोधले आणि ती नावे परत त्याच्या फाइलींत भरून दिली, तर तुलनात्मक अभ्यासाला सामग्री मिळेल आणि ज्याच्याकडून ती घेतली त्याचे ऋणही फिटेल.

ह्या कामाचा आरंभ मात्र दुसऱ्याच्या डिस्कपासून करणे शोभणार नाही. क्षेत्रीय अभ्यासात मुद्रित केलेल्या ओव्या, भारुडे, जात्यावरची गाणी विभागांच्या संगणकांवर कोणत्या नावांनी साठविलेली आहेत, हे पाहिले म्हणजे पुरे. 'ट्रॅक ०१', 'आवाज नवीन', 'नवीन फोल्डर २' अशा नावांखाली ज्या बाईंचा आवाज आहे त्यांचे नाव, गाव आणि तारीख मुद्रण करणाऱ्या संशोधकाच्या वहीत असते, आणि तो निवृत्त झाला की वहीही जाते. डीजेला निदान आपले गाणे तीन मिनिटांत सापडते.